न वाजणारी गाडी

सोमलिंगला गाड्यांतलं लई कळतं, असं गल्लीत सगळे म्हणत. पहिल्यांदा ते त्यानंच म्हटलं होतं. वायरमन म्हणून निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडे होती एक जुनी स्कूटर आणि प्रत्येक चारचाकीबद्दल ठाम मत. विजेवरच्या गाडीचं नाव काढलं की तो म्हणे, "जन्मभर लोकांची लाइट मीच घालवली की. मला नका सांगू." म्हणून घ्यायची तर हायब्रीड, थोडी विजेवर, थोडी पेट्रोलवर, हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

पण घेत मात्र नव्हता. विजेच्या गाडीला करात सवलत आणि हायब्रीडला नाही, हा त्याला खास आपल्यावरचा अन्याय वाटे. मग दुसऱ्या कुठल्याशा राज्यात हायब्रीडचा कर माफ झाल्याची बातमी आली, आणि आपलंही सरकार आता करणारच, असं त्यानं परस्पर जाहीर केलं. त्याच्या शब्दावर शेजारच्या बिलालनंही बुकिंग थांबवलं. दिवाळ्या आल्या नि गेल्या. बिलालनं कंटाळून साधी पेट्रोलची गाडी घेतली, आणि येता-जाता सोमलिंगच्या दारात मुद्दाम हॉर्न वाजवू लागला.

श्रीदेवीला, त्याच्या बायकोला, करात रस नव्हता. तिच्या आईला, मैंदर्गीच्या अव्वाला, लेकीच्या गाडीतून सोलापूरला यायचं होतं, आणि अव्वाची नजर मंद होत चालली होती. "सरकार हाय तितंच ऱ्हाईल," श्रीदेवी एकदा म्हणाली. "आई न्हाय ऱ्हायची." त्यावर सोमलिंगनं तिला धोरण म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

शेवटी गाडी आली, पूर्ण कर भरूनच. चाकांखाली लिंबं ठेवली, समोर पाटावर पूजेचं ताट. सोमलिंगनं बटण दाबलं. आवाज नाही. कान लावून ऐकलं, तरी नाही. गाडी बंदच आहे अशी खात्री पटल्यावर त्यानं सहज गिअर टाकून बघितला, ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी लिंबं चिरडून, ताटावरून, नारळ फुटायच्या आधीच निमूट पुढे गेली. ही गाडी सुरुवातीला वाजत नाही, हे अख्ख्या गल्लीला त्यानंच शिकवलं होतं. बिलाल तर हसून हसून खाली बसला. सोमलिंगही हसला, दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात दोघं मैंदर्गीला गेले. तोवर अव्वाला दिसायचं पुरतं थांबलं होतं. जावयाशेजारी बसायला ती आधी लाजली, मग दार चाचपलं, सीट चाचपली, आणि पदर सावरून ताठ बसली. सोमलिंगनं गाडी अगदी सावकाश, धक्का न देता गल्लीबाहेर काढली. वेशीपाशी आल्यावर अव्वानं हळूच कानडीत विचारलं, गाडी सुरू कधी करणार?

सोमलिंगनं अव्वाच्या बाजूची काच खाली केली, तसा वारा तिच्या तोंडावर आला.

"निघाली, अव्वा," तो म्हणाला. "लई आधीच निघाया पायजे हुती."