राजोडीच्या टोकावरचं स्थळ

चहा गार झाला तरी चालेल, पण माझं लग्न कसं बुडालं ते ऐकून घ्या. बुडालं म्हणजे अक्षरशः. खाऱ्या पाण्यात.

सत्तरचं दशक संपत आलेलं. मी वसईत भूगोलाचा मास्तर. राजोडीच्या फिलोमिनाचं स्थळ सांगून आलं. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून टोकावर या, आम्ही तिथंच असू.

टोक म्हटल्यावर भूगोलाच्या मास्तराला काय सुचणार? समुद्रात घुसलेलं भूशिर! मनात म्हटलं, काय हौशी माणसं आहेत.

चुलतभाऊ पेद्रूला केळ्यांचा घड देऊन सायकलवर पुढे पाठवलं. तो पक्का शेतकरी. मी नवा सूट चढवून आईला घेऊन किनाऱ्याच्या टोकाला, खडकांवर जाऊन बसलो. ऊन चढलं. पाहुणे नाहीत, पेद्रूही नाही. आई म्हणाली, परत जाऊ या. मी म्हटलं, आपण निघालो आणि ते आले तर?

आले नाहीत. भरती आली. मागची वाट पाण्याखाली गेली. आईने जपाची रोझरी काढली. मलाही दुसरा उपाय दिसत नव्हता.

शेवटी एका होडीवाल्याने आम्हाला किनाऱ्याला लावलं. फिलोमिनाच्या वडिलांचं नाव काढताच म्हणाला, "ते सकालपासून शेताच्या टोकावर बसलेत की."

शेताचं टोक! नांगर वळवायला सोडलेली कडेची पट्टी. होणाऱ्या जावयाला आधी जमीन दाखवायची, ही त्या घरची रीत. हे मला कोणी सांगायचं?

धापा टाकत पोहोचलो. ताडाखाली चटई, चटईवर पेद्रू, पुढ्यात चहा. पीक, पाणी, बांध, सगळं बोलून झालेलं. फिलोमिना त्याला केळं सोलून देत होती.

"हे कोन?" माझ्या ओल्या सुटाकडे बघत तिच्या वडिलांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ," पेद्रू खाली मान घालून म्हणाला.

मी त्याला बाजूला ओढलं. "नवरा मी आहे हे सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

मी फिलोमिनाकडे पाहिलं. ती पेद्रूकडे पाहत होती. आता कुठल्या तोंडाने बोलणार? आईला घेऊन तिथंच चटईच्या कडेला टेकलो.

पावसाआधी लग्न झालं. चर्चच्या पायऱ्यांवर फोटोसाठी उभे होतो, तेव्हा फिलोमिना आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"भावजी, जरा बाजूला होता का? आमच्या मध्ये येताय."