नारळ जनूच्याच हातात

हिरामणला सक्तीने घरी बसवलं, त्या दिवशी तो रोह्याहून एसटीने वडखळला उतरला आणि रिकामा डबा घेऊन खाडीकाठच्या घरी चालत आला. सोबत कुत्रंही नव्हतं. मिठागरात राबणाऱ्या त्या गल्लीतला तो पहिला सरकारी नोकर. एके काळी त्याचा कोण तोरा मिरवला होता सगळ्यांनी! त्याच गल्लीने त्या संध्याकाळी दारं ओढून घेतली, आणि पहिलं दार शेजारच्या हौसाचं. हिरामणची बायको चंद्रावती डबा घेत एवढंच म्हणाली, "हात धुवा."

हिरामण कालवा चौकीदार होता. खांब गावाच्या बाजूला शेतात वाल उभा असताना कोणीतरी पाण्याची पाळी नसताना कालव्याचा दरवाजा उघडला आणि वाल जागेवर कुजला. पहाऱ्यावर होता त्याचा जोडीदार जनू. चिरीमिरी खाऊन दरवाजा उघडणाराही जनूच. पण चौकशीत या हरामखोराने बेधडक हिरामणचं नाव घेतलं. वर्षानुवर्षं हिरामणच्या डब्यातली सुकट ओरपणारा माणूस हा! साहेबांना कोणाला तरी बळी द्यायचाच होता, आयता मिळाला.

हिरामण हट्टाने लढला. चौकशीत त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारायची संधीच दिली नाही, म्हणून न्यायाधिकरणाने शिक्षा रद्द केली. सेवा अखंड धरा, वयाप्रमाणे रीतसर निवृत्त झाला असं समजा, थकलेला पगार, बढती, पेन्शन सगळं द्या, असा हुकूम झाला. सगळं मिळालंही. पण पाणी कोणी सोडलं, याबद्दल निकालात अवाक्षर नव्हतं. गल्ली म्हणायला मोकळी, "वकील चांगला गावला, म्हनून सुटला." हे हिरामणला शिक्षेहून जास्त झोंबलं.

मग कचेरीने त्याला सहीसाठी बोलावलं. सर्व लाभ मिळाले असं त्याने लिहून दिलं की नवे साहेब सुटणार होते.

"एक लाभ ऱ्हायला," हिरामण म्हणाला. "मना घरी कोन सोडनार?"

त्या कचेरीची रीतच होती. निवृत्त होणाऱ्याला जीपने घरी पोचवायचं. त्याच्या जोडीदाराने दारात नारळ धरायचा, चार लोकांत त्याच्याविषयी बोलायचं, नारळ घरच्या बाईच्या हाती द्यायचा आणि मग सगळ्यांनी जेवून परतायचं.

"हे नियमात कुठे आहे?" साहेब वैतागले.

"मग माझी सही तरी कुठं हाय? आनि नारळ जनूच धरील."

जनू आता मुकादम झाला होता. "मी नाय जायचा त्याच्या दारात," म्हणून त्याने खूप आढेवेढे घेतले. पण सही मिळाली नाही तर न्यायाधिकरणाच्या अवमानाची नोटीस आपल्या गळ्यात पडणार, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्याला जवळजवळ कोंबूनच जीपमध्ये बसवलं. हिरामण मुद्दाम त्याला चिकटून बसला. वडखळ मागे टाकून जीप खाडीकाठी पोचली.

गल्ली झाडून बाहेर आली होती. चंद्रावतीने हिरामणला ओवाळलं. जनूने नारळ पुढे केला आणि पुटपुटला, "हिरामणनं इमानेइतबारे नोकरी केली."

चंद्रावतीने हात पुढे केलेच नाहीत. "खांबचा पानी कोनी सोडला व्हता, ता सांग, भावजी."

"अहो बाई, झालं गेलं..." साहेब मध्ये पडले.

"तुमाला नाय विचारला."

जनूने हिरामणकडे पाहिलं. आजवर हजारदा सांभाळून घेणारा हा माणूस आताही घेईल, असं त्याला वाटलं असावं. हिरामण ढिम्म उभा राहिला.

"मी," जनू म्हणाला.

"मोठ्यानं. हौसाला कमी ऐकू येता."

"मी सोडलं व्हतं! हिरामणनं नाय!"

हौसाने पदर तोंडाला लावला. चंद्रावतीने नारळ घेतला, आणि हिरामणने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली. इतक्या वर्षांनी त्याला धड श्वास घेता येत होता.

घरातून जिताड्याच्या कालवणाचा वास येत होता. साहेब बूट काढायला वाकले.

"बूट ऱ्हाऊ द्या, साहेब," चंद्रावती म्हणाली. "पानं गल्लीचीच वाढलीत." आणि हौसाचा हात धरून ती तिला आत घेऊन गेली.