हरणाचा डोळा

आईच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मी इतक्यांदा वाचला की तो पाठ झाला. पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे. जुनी सूज असू शकते, कॅन्सरही असू शकतो, सीटी स्कॅन करावा. गोव्याला जाऊन तोही केला. त्याच्या रिपोर्टातही तेच, फक्त वाक्यं लांबलचक. खोलीएवढ्या मशीनला धड हो म्हणता येत नाही की नाही म्हणता येत नाही, याचा मला भयंकर राग आला.

"मग सुई घालून तुकडा काढा आणि तपासा," मी स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरांना म्हटलं.

"कॅन्सर असलाच तर सुईने पसरायची भीती असते, बाई," ते म्हणाले. "पूर्वीचा एखादा स्कॅन आहे का? जुनी सूज वर्षानुवर्षं तशीच राहते, कॅन्सर इतका काळ गप्प बसत नाही. तेव्हाही भिंत एवढीच जाड असेल, तर नुसतं पित्ताशय काढून भागेल. नाहीतर सर्जन धोका पत्करणार नाहीत. सोबत यकृताचा तुकडाही काढतील. या वयात ते जड जाईल."

स्कॅन होता. चार वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी काढलेला. रिपोर्टात मुतखड्यापलीकडे अक्षर नव्हतं, म्हणून फिल्मच हवी होती. ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा पिंगुळीजवळ, तिथे पडद्यामागे चामड्याच्या बाहुल्या नाचवून सावल्यांचा खेळ करतात, त्यामुळे मुलांना तसल्या बाहुल्या करायच्याच होत्या. चामडं कुठून आणणार? मी घरोघरच्या जुन्या फिल्म मागवल्या, आणि लोकांपुढे उदाहरण म्हणून पहिली आईचीच दिली. सोबतची सीडी आईने पाखरांना भिववायला मिरचीच्या वाफ्यावर टांगली होती. उन्हापावसाने तिचा मुलामा पार उडाला होता. स्कॅन काढला त्या सेंटरने मशीन बदललं होतं, जुनं काही ठेवलं नव्हतं.

शाळेच्या ट्रंकेतून मी आईच्या फिल्मचं कापलेलं हरीण काढलं आणि पिशवीत घालून गोव्याला नेलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते उजेडाच्या काचेवर धरलं. फिल्मवर पोटाचे काप चौकटी-चौकटींनी छापलेले असतात. त्यांचं बोट हरणाच्या मानेवरून वर सरकलं. "हे यकृत. इथे पित्ताशय सुरू होतंय." मग बोट थांबलं. "नेमकं पुढे भोक आहे."

तो डोळा होता. मुलांना गोल जमेना, म्हणून मीच कागदाला भोकं पाडायच्या पंचाने पाडलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मोठं ऑपरेशन झालं. आठवड्याभराने तपासणीचा कागद आला: सूज, कॅन्सर नाही. शेजाऱ्यांनी देवाला नारळ ठेवले. मला प्रत्येक नारळाची चीड येत होती, कारण आईच्या पोटावर हातभर टाके होते आणि ते घालायची गरजच नव्हती.

शेवटी राहवेना. मी तिला हरणाचं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले.

"कॅन्सर नाय ना?" आई म्हणाली. "मगे कित्याक रडतंस गो?"

मग तिने हात पुढे केला. तिला कूस बदलायची होती, आणि ते आता तिला एकटीला जमत नव्हतं.