दहा यार्डांचा फरक

"टेरेन्स आणि कॉलिन. दोघांची तुलना कर. मंगळवारी सकाळी मला शीट हवं."

एवढं बोलून कोचनी माझ्या डब्यातलं एक शंकरपाळं तोंडात टाकलं आणि ते निघून गेले. रविवार होता. आदल्या दिवशी आम्ही सलग दुसरी मॅच हरलो होतो.

मी तेव्हा एका प्रोफेशनल फुटबॉल टीमच्या ऑफिसात स्टॅटिस्टिशियन होतो. २००७-०८च्या सुमाराची गोष्ट. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, त्याला इथे सॉकर म्हणतात. हा लंबगोल चेंडू हातात धरून, एकमेकांना धडका देत खेळायचा खेळ. अमेरिकेतही तो आहे, पण कॅनडाचे नियम थोडे वेगळे. नागपूरला स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एससी. केल्यावर कॅनडात ब्रॅम्पटनला आलो, चार वर्षं वॉनच्या एका वेअरहाऊसमध्ये इन्व्हेंटरी मोजली आणि मग जाहिरात पाहून इथे अप्लाय केलं. मला या खेळातलं काही कळत नाही, हे मी इंटरव्ह्यूतच सांगून टाकलं. ते म्हणाले, "खेळणारे आहेत आमच्याकडे. मोजणारा हवाय."

काम असं: मॅचचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायचा आणि प्रत्येक चालीची नोंद करायची. चेंडू कुणी घेतला, किती यार्ड पुढे नेला, पहिली धडक कुठे बसली. एक यार्ड म्हणजे तीन फूट. कॅनडात टीमला तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. दहा झाले की नव्याने तीन प्रयत्न मिळतात. त्याला फर्स्ट डाउन म्हणायचं. सगळा खेळ या दहा यार्डांचा.

चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसतो तो रनिंग बॅक. आमचा रनिंग बॅक टेरेन्स. अलाबामाचा, वय एकतीस, आमच्याकडे नववा सीझन. स्टेडियममध्ये दर पाचव्या माणसाच्या पाठीवर त्याचा नंबर असायचा. त्याच्यामागे राखीव म्हणून कॉलिन. हॅलिफॅक्सचा, चोवीस वर्षांचा, युनिव्हर्सिटी संपवून नुकताच आलेला. या जागेवरच्या खेळाडूचं आयुष्य फार लहान असतं. एकतिसाव्या वर्षी ज्याला सीझनच्या मध्यात खाली बसवलं, त्याला पुढच्या वर्षी सहसा कुणाचा फोन येत नाही. म्हणजे कोचनी मागितलेलं शीट म्हणजे टेरेन्सचा सगळा संसार होता, आणि हे मला त्या रविवारी नीट माहीत होतं.

टेरेन्स दर सोमवारी माझ्या खोलीत यायचा. मला 'जज' म्हणायचा, कारण त्याला किती यार्ड मिळाले ते मी ठरवतो, असं त्याचं म्हणणं.

"जज, तिसऱ्या क्वार्टरमधला तो रन. तू दोन लिहिलेस. तीन होते."

मी व्हिडिओ लावला. थांबवला. "गुडघा इथे टेकलाय, चाल इथेच संपली. दोन."

"बूट बघ माझा! बूट तिसऱ्यावर आहे."

"बुटाला यार्ड मिळत नाहीत."

तो मोठ्याने हसायचा आणि माझ्या खुर्चीला एक धक्का देऊन जायचा. त्या सोमवारीही आला, तोच प्रकार झाला. स्क्रीनवर मी उघडलेली फाइल मी आधीच बंद केली होती. तो गेल्यावर मला बरं वाटलं नाही.

नुसती सरासरी काढली तर चित्र सरळ होतं. नऊ मॅचमध्ये टेरेन्स ११२ वेळा धावला, ६०५ यार्ड. दर धावेला ५.४. कॉलिन ३१ वेळा, १८६ यार्ड. दर धावेला ६. म्हणजे तरुण मुलगा पुढे. एखाद्याने इथेच शीट प्रिंट केलं असतं.

पण राखीव खेळाडूला मैदानात कधी पाठवतात? मॅचचा निकाल लागल्यात जमा असतो तेव्हा. समोरचे दमलेले असतात, त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं. त्या वेळचे यार्ड स्वस्त. मी दोघांच्याही अशा धावा वेगळ्या काढल्या. कॉलिनच्या ३१ पैकी १७ गेल्या. उरलेल्या चौदांत ६३ यार्ड, म्हणजे ४.५. टेरेन्सच्या १४ गेल्या, उरलेल्या ९८ मध्ये ५१९, म्हणजे ५.३. आता टेरेन्स ०.८ने पुढे. चौदा धावा म्हणजे फार थोडा पुरावा, हेही मी खाली लिहिलं. या कामात माझे दोन दिवस गेले. खरं सांगायचं तर मी खूश होतो. हिशेबही बरोबर होता आणि माणूसही वाचत होता.

मंगळवारी कोचनी शीट उभ्या उभ्या वाचलं.

"म्हणजे टेरेन्स अजून चांगला आहे."

"हो."

"मला माहीत होतं." त्यांनी शीट टेबलावर ठेवलं. "एका मॅचला किती फरक पडेल?"

मी गुणाकार केला. मॅचला साधारण बारा धावा, प्रत्येकी ०.८. "साडेनऊ. दहा धरा."

"दहा यार्ड. एक फर्स्ट डाउन. बस?"

"सरासरीने. प्रत्येक मॅचला नाही."

"कळलं रे. आता मला लेफ्ट टॅकलचं सांग."

मला काही समजेना. लेफ्ट टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूला भिंतीसारखा उभा राहणारा धिप्पाड गडी. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, टीमचा मेंदू, आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडून येणारा दिसत नाही. आमच्या लेफ्ट टॅकलचा घोटा दोन मॅचपूर्वी मुरगळला होता. त्याच्या जागी आलेला मुलगा कष्टाळू होता, पण भिंत नव्हता.

"तो आणि टेरेन्स यांचा काय संबंध?" मी विचारलं.

कोच खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला जे सांगितलं तो नियम मला ठाऊक होता. तीन वर्षं ठाऊक होता. पण या शीटशी त्याचं नातं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

या लीगमध्ये सगळेच खेळाडू अमेरिकेतून आणता येत नाहीत. इथल्या मुलांना जागा मिळावी म्हणून सुरुवातीपासून खेळणाऱ्या, म्हणजे हल्ल्याचे बारा आणि बचावाचे बारा अशा चोवीस स्टार्टर्सपैकी निदान सात कॅनडाचे असावे लागत. बाहेरच्यांना म्हणायचं इम्पोर्ट. मालाला म्हणतात तसंच. आमचे बरोब्बर सात होते, आणि त्यातली एक जागा लेफ्ट टॅकलची. म्हणून जखमी टॅकलच्या जागी कॅनडाचाच मुलगा उभा करावा लागला होता. आमच्या सरावाला एक उत्तम अमेरिकन टॅकल रोज येत होता, पण त्याला खेळवलं की सातचे सहा होत. सातवा कुठून आणायचा? कुठल्या तरी अमेरिकन स्टार्टरला बसवून त्याच्या जागी कॅनडाचा खेळाडू घालूनच.

"आणि तसा तयार मुलगा माझ्याकडे एकच आहे," कोच म्हणाले. "कॉलिन."

मी म्हटलं, "मला एक तास द्या."

कॉलिनखेरीज कॅनडाचा आणखी कुणी सापडतो का म्हणून तासभर मी पूर्ण टीमची यादी चाळली. डिफेन्समध्ये कुणी? नाही. फेकलेला चेंडू झेलणारे रिसीव्हर? दोघे होते, दोघेही आधीच सातांत. चेंडूला लाथ मारणारा किकर कॅनडाचा होता, पण किकर या सातांत धरत नाहीत. मग टॅकलचे आकडे काढले. घोटा मुरगळायच्या आधीच्या सात मॅचमध्ये क्वार्टरबॅकला चेंडूसकट चौदा वेळा पाडलं होतं. नंतरच्या दोन मॅचमध्ये नऊ वेळा, त्यातले सहा डावीकडून. म्हणजे मॅचला तीन. दर वेळी साधारण सात यार्ड मागे. नव्या टॅकलने त्यातले दोन जरी वाचवले तरी चौदा यार्ड.

मी ते एका कागदावर लिहून दिलं. टॅकलचा आकडा अंदाज आहे, तो एकही मॅच खेळलेला नाही, असं खाली लिहिलं.

"दहा जातील, चौदा येतील," कोच म्हणाले. "आणि माझा क्वार्टरबॅक जिवंत राहील. थँक्स, विवेक."

टेरेन्सला गुरुवारी सांगितलं. त्या शनिवारी कॉलिन खेळला. इम्पोर्टच्या एकूण जागाही मोजक्याच असल्यामुळे टेरेन्सला राखीव म्हणून ठेवायला जागा उरली नाही. दोन आठवड्यांनी त्याला रिलीज केलं. रिलीज म्हणजे मोकळा. आमच्याकडून निरोप, दुसरीकडे खेळायची परवानगी. लॉकर रिकामा करून तो माझ्या खोलीत आला.

"जज, एकच विचारतो. तुझ्या शीटमध्ये तो पोरगा माझ्यापेक्षा चांगला निघाला?"

"नाही. तू चांगला निघालास."

"कितीने?"

"आतला आकडा आहे, सांगता येत नाही. पण तू पुढे होतास."

तो खाली बसला. माझी खुर्ची ढकलली नाही. "मग मी का जातोय?"

मी त्याला ते सातांचं गणित सांगितलं. त्याला अर्थातच माहीत होतं.

"मी सिटिझन आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी शपथ घेतली. नऊ वर्षं झाली मला इथे. हिवाळ्यात घरी गेलो नाही, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलाय. माझी पोरगी इथे जन्मली."

"नियम पासपोर्ट बघत नाही. लहानपण कुठे गेलं ते बघतो."

"मग मी आता लहान होऊ?"

मग तो म्हणाला, "तूही इम्पोर्टच रे, जज."

"मी पाच फूट पाच इंच आहे. मला कुठल्याच यादीत घेतलं नसतं."

तेव्हा तो हसला. मग म्हणाला, "ते शीट देशील? माझा एजंट चार ठिकाणी फोन करतोय. सगळे एकच म्हणतात, एकतीस वर्षांचा आहे, तुमच्याच कोचनी बसवलाय, म्हणजे संपला असणार."

"नाही देता येणार. ऑफिसचा कागद आहे."

"बरं," म्हणून तो उठला आणि हात मिळवून गेला.

त्या शनिवारी मॅच नव्हती, दुपारी घरी मी कॉम्प्युटर उघडून बसलो. बायको भाजी निवडत होती. तिने विचारलं, "आज कसलं ऑफिस?" मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे अहो, तुमच्या कागदावरून त्या माणसाची नोकरी गेली?"

"माझ्या कागदावर तो चांगलाच आहे असं लिहिलं होतं."

"मग तो कागद कोणी वाचला?"

"कोचनी."

"आणि बाकीच्या जगाने काय वाचलं? त्याला काढला एवढंच ना?"

प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे दोन प्रकारचे आकडे असत. व्हिडिओवरून मी काढलेले, ते टीमचे. पण प्रत्येक मॅचनंतर लीग स्वतः प्रत्येक चालीची नोंद जाहीर करते, ती कुणालाही मिळते. मी फक्त ती घेतली. नऊ मॅच, सगळ्या धावा, निकाल लागल्यानंतरच्या वेगळ्या काढलेल्या. लीगमधल्या इतर टीम्सच्या रनिंग बॅक्सनाही तीच चाळणी लावली. टेरेन्स तिसरा आला. एक पान झालं. घरच्या प्रिंटरवर, घरच्या कागदावर छापलं.

सोमवारी ते आधी कोचना दाखवलं. "हे जाहीर आकड्यांवरून घरी केलंय. टेरेन्सला देणार आहे. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा."

त्यांनी दोनदा वाचलं. "तिसरा?"

"हो."

"खाली नाव घालू नकोस तुझं." दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या टीमला जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

"कोच, लीगमध्ये आठच टीम्स आहेत. सगळ्याच आपल्याविरुद्ध खेळतात."

"मग तू मला विचारलंच नाहीस असं समज."

पश्चिमेकडच्या एका टीमने नऊ दिवसांनी टेरेन्सला घेतलं. त्यांच्या टॅकलच्या जागेवर कॅनडाचा दणकट मुलगा होता, सातांची गणती पूर्ण होती, रनिंग बॅक इम्पोर्ट असला तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. तिथे तो उरलेला सीझन खेळला आणि नंतर आणखी दोन.

ऑक्टोबरमध्ये ती टीम आमच्याकडे आली. टेरेन्सने १९ धावांत १०४ यार्ड काढले. कॉलिनने ११ धावांत ४७. आमच्या क्वार्टरबॅकला एकदाही कुणी पाडलं नाही आणि आम्ही तीन गुणांनी जिंकलो. म्हणजे कोचचा निर्णय बरोबर होता आणि टेरेन्सबद्दलचं माझं शीटही बरोबर होतं. दोन्ही एकाच मॅचमध्ये सिद्ध झालं. कुणी कुणाला बोल लावायला जागा राहिली नाही.

पुढे मी हा खेळ सोडून एका हॉस्पिटलच्या ऑफिसात गेलो. तिथेही अधूनमधून कुणीतरी येऊन सांगतं, या दोघांची तुलना करून दे. मी आता आकड्यांना हात लावायच्या आधी विचारतो, यातला एक बसला तर तिसरा कोण उभा राहणार आहे? विचारणाऱ्याला हा प्रश्न आवडत नाही. उत्तर मात्र त्याच्याकडे नेहमी तयार असतं, आणि माझे दोन दिवस वाचतात.