दातांच्या डॉक्टरांची लोकशाही

आपली राजकीय मतं दुसऱ्याला ऐकवणारी माणसं गल्लोगल्ली असतात. पण ऐकणाऱ्याच्या तोंडात आधी कापसाचे दोन बोळे, एक छोटा आरसा आणि लाळ ओढणारी नळी घालून ठेवायची सोय फार थोड्यांच्या नशिबात असते. डॉक्टरांच्या नशिबात ती होती. छत्र्यांच्या दुकानावरच्या आपल्या दवाखान्यात इतकी वर्षं त्यांनी तिचा मनसोक्त उपयोग करून घेतला. बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि भिंतीवर दाढेचा उभा छेद दाखवणारं चित्र, आतल्या खोलीत ती खुर्ची. खुर्ची मागे झुकली आणि वरचा दिवा डोळ्यांवर आला, की पेशंट निम्मा हरलेला असे. उरलेला निम्मा डॉक्टर बोलून हरवत.

"तुमची विचारसरणी काय?" हा त्यांचा लाडका प्रश्न. तो विचारायची वेळही ठरलेली होती. भुलीचं इंजेक्शन देऊन झालं, ओठ जड पडला, बोळे बसले, की मग. आधी विचारला तर लोक उत्तर देत, आणि लोकांच्या उत्तरांचा डॉक्टरांना भारी कंटाळा होता.

कंटाळा अगदीच गैर नव्हता, एवढं त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. माणसाला त्याची विचारसरणी विचारावी आणि त्याने काय ती बाहेर काढावी! नळाच्या सामानाचा दुकानदार म्हणे, "आपण कुठल्याच पक्षाचे नाही बुवा, आपण चांगल्या माणसाचे." चांगला माणूस म्हणजे कोण, तर जो त्याच्या दुकानासमोर गाड्या लावू देईल तो. निवृत्त मास्तर म्हणत, "मी मूळचा पुरोगामी," आणि या 'मूळचा'वर इतका जोर देत की ते मूळ कधीच उपटून गेलंय हे न सांगता कळे. बँकेतला कारकून तर म्हणे, मला राजकारणात रसच नाही. रस नाही या एका विषयावर तो नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर अखंड बोलत बसे, आणि जाताना सगळे चोर आहेत असा निकाल देऊन जाई. जो तो आपली भित्री सोय घेऊन यायचा आणि तिला विचार म्हणायचा.

डॉक्टर स्वतःला यातले समजत नसत. त्यांची विचारसरणी स्वच्छ होती आणि ती ते हातात सुई धरून सांगत.

"मी लोकशाहीवादी. आणि लोकशाही म्हणजे काय? मतदान नव्हे. लोकशाही म्हणजे ऐकून घेणं. आज कोणी कोणाचं ऐकून घेत नाही. मी घेतो. जरा मोठं उघडा. माझ्यापुढे कोणीही यावं, कुठल्याही मताचं यावं, मी त्याला बोलू देतो. बरोबर की नाही?"

"अं," पेशंट म्हणे. दुसरं काय म्हणणार बिचारा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

पण डॉक्टरांना त्या आवाजात एक अख्खं राष्ट्र बोलताना ऐकू येई. आखूड "अं" म्हणजे सहमती. लांबलेला "अंऽऽ" म्हणजे मनापासून सहमती. डोळ्यांत पाणी आलं तर विषय काळजाला भिडला. खुर्चीचे हात घट्ट धरून पेशंटने पाय ताठ केले, तर सत्ताधाऱ्यांवरचा संताप. दुसरे दंतवैद्य पेशंटला सांगतात, दुखलं तर हात वर करा, मी थांबतो. आमचे डॉक्टरही पूर्वी सांगत. मग त्यांनी ते सोडून दिलं, कारण मध्येच कोणी हात वर केला की बोलण्याची लिंक तुटायची. हात वर आलाच, तर ते तो हळुवार धरून परत खुर्चीच्या हातावर ठेवत आणि वाक्य पुरं करत.

घरी तरी वेगळं काय होतं? बायको स्वयंपाकघरातून "हं" म्हणायची आणि कुकरकडे लक्ष द्यायची. डॉक्टर मित्रांना अभिमानाने सांगत, आमच्या घरात मतभेद नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी दंतवैद्य होऊन घरी आली तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. सामानाची खोली रिकामी करून तिथे त्यांनी दुसरी खुर्ची बसवली, तिच्यासाठी नवा दिवा आणला. मुलीने कामाला सुरुवात केली. डॉक्टरांनी दाराआडून पाहिलं, तर ती पेशंटला आधी दहा मिनिटं बोलू देत होती, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, गार लागतं का. काम सुरू केल्यावर स्वतः गप्प. डॉक्टरांना वाटलं, पोर अजून बुजरी आहे, शिकेल हळूहळू बोलायला.

ती थांबेल का, एवढीच एक धाकधूक होती. दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं होतं, आणि दोन महिन्यांत कळवायचं होतं. डॉक्टर वरून कितीही मिजास मारोत, हा दवाखाना तिच्या हातात जावा आणि आपण तिच्या शेजारच्या खुर्चीवर म्हातारं व्हावं, याखेरीज त्यांना आयुष्याकडून आता काही नको होतं. त्या इच्छेत ढोंग नव्हतं, आणि तेवढ्यापुरती त्यांची दया येते.

पण हुकूम करतील तर ते डॉक्टर कसले? त्यांनी लोकशाही पद्धतीने विचारायचं ठरवलं. आणि विचारलं कधी? मुलीची मागची दाढ ठणकत होती, ती त्यांच्या खुर्चीत बसली, त्यांनी बोळे घातले, मशीन चालू केलं, तेव्हा.

"हे बघ, मी बळजबरी करणाऱ्यांतला नाही. तुझं मत तुझं. पण मला वाटतं, तू इथेच थांबावंस. काय?"

"अंऽऽ," मुलगी म्हणाली. लांबलेला. डोळ्यांत टचकन पाणी.

डॉक्टरांनाही भरून आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी रंगवणाऱ्याला गाठलं. आठवड्यात छत्र्यांच्या दुकानावर नवी पाटी लागली, बापाचं नाव आणि त्याखाली लेकीचं, सारख्याच मोठ्या अक्षरांत. मुलगी पाटीखाली उभी राहून बराच वेळ वर पाहत होती. संध्याकाळी तिने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "बोल ना, मी ऐकतोय," आणि मग प्रभागाच्या निवडणुकीबद्दल बोलू लागले.

कारण त्याच सुमारास निवडणूक जाहीर झाली होती आणि डॉक्टरांनी अपक्ष उभं राहायचं ठरवलं होतं. हिशेब सरळ होता. अख्खा प्रभाग कधी ना कधी त्यांच्या खुर्चीत बसून गेला होता, आणि आजवर एकाही माणसाने त्यांचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं! असा एकमुखी पाठिंबा कोणत्या पुढाऱ्याला मिळालाय? उमेदवारीसाठी प्रभागातल्या पाच मतदारांनी सूचक म्हणून सह्या करायच्या होत्या. पाचच का, असं म्हणून डॉक्टर हसले. सही करायला दवाखान्यात झुंबड उडाली तर कोणाला नाराज करायचं, ही त्यांची चिंता.

रविवारी सकाळी त्यांनी निवडक पेशंटांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. सगळे आले. पुढे कधीतरी त्याच खुर्चीत बसायचं आहे हे ज्याला त्याला ठाऊक होतं, तेव्हा न येऊन सांगतात कोणाला. बायकोने सगळ्यांना चहा दिला. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. डॉक्टरांनी भाषण केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग डॉक्टरांनी पेन पुढे केलं, आणि खाली दुकानात कोणीतरी छत्री उघडून पाहिली तेही वर ऐकू आलं.

"मी तुमच्याबरोबरच आहे," नळवाला दुकानदार म्हणाला. "पण माझं आधीपासून एकच तत्त्व आहे डॉक्टर, मी कुठल्याच पक्षाचा नाही. आता अपक्ष म्हटलं तरी शेवटी तीही एक बाजूच झाली की."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "विचाराने मी सही केलीच आहे असं समजा. पण मी मूळचा चळवळीतला. निवडणूक हा मार्गच मला तत्त्वतः पटत नाही."

"तुम्ही दर खेपेला पहिल्या नंबरला मत द्यायला जाता की, मास्तर," बाकाच्या टोकाला बसलेला शिंपी म्हणाला.

"मत देणं वेगळं आणि सही वेगळी."

मग शिंप्यावर पाळी आली, तसा तोही जमिनीकडे पाहू लागला. "मी काय बोलणार? माझ्याकडे सगळ्या पक्षांची माणसं माप द्यायला येतात. माझं मत कात्रीएवढंच, दोन्ही बाजूंनी चालणारं." आणि आपणच आपल्या विनोदावर हसला. कारकुनाने तटस्थ राहणं हीसुद्धा एक भूमिकाच असते असं सांगून बिस्किट उचललं. एक बाई म्हणाल्या, ह्यांना विचारून सांगते. त्यांचे हे शेजारीच बसले होते, ते म्हणाले, हिला विचारल्याशिवाय मी काही करत नाही.

अर्ध्या तासात खोली रिकामी झाली. एकजणही उलट बोलला नाही. जाताना प्रत्येकाने डॉक्टरांचा हात हातात घेऊन दाबला आणि तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे म्हणून सांगितलं. बाकांवर कप राहिले. डॉक्टर कोरा कागद घेऊन तसेच बसून होते.

"दुतोंडी माणसं," ते म्हणाले. "इतकी वर्षं हो म्हणत आली. प्रत्येक जण. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"बाबा, ते हो म्हणत नव्हते," मुलगी दारातून म्हणाली.

"मग काय म्हणत होते?"

"दुखतंय, म्हणत होते."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"त्या दिवशी माझी दाढ पुरती बधिर झाली नव्हती. मी थांबा म्हणत होते. मी हात वर केला, तो तुम्ही धरून खाली ठेवलात, आणि दुसऱ्या दिवशी पाटी रंगवायला टाकलीत. मी जाणार आहे बाबा. रुग्णालयाला कळवून झालंय."

"पण मी विचारलं होतं तुला. बळजबरी केली नव्हती."

"विचारलं होतंत," ती म्हणाली.

"निदान सांगायचंस तरी."

कप गोळा करता करता बायको थांबली. "अहो, तिने सांगितलंय. मी सांगितलंय. परवा जेवताना सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, या घरात प्रत्येकाला बोलायची मोकळीक आहे, आणि मोकळीक या विषयावर बोलत राहिलात."

मुलगी पुढच्या आठवड्यात गेली. दवाखान्यात एकटीच बोलणारी होती ती गेली, आणि डॉक्टरांकडे उरली ती सगळी तोंडं उघडी टाकणारी. असल्या लोकांना असलाच डॉक्टर मिळायचा आणि असल्या डॉक्टरला असलेच लोक. कोणाची कीव करावी?

ती गेल्यानंतरच्या सोमवारी पहिला नंबर बँकेतल्या कारकुनाचा होता. सहीचं जणू घडलंच नाही अशा थाटात तो येऊन खुर्चीत पडला. डॉक्टरांनी भूल दिली, बोळे घातले, आणि सवयीने बोलायला लागले. मुलीला आपणच जा म्हणालो, म्हणाले. स्वातंत्र्य हे आपलं मूळ तत्त्व. दुसऱ्याचा निर्णय मान्य करणं, हीच खरी लोकशाही.

"बरोबर केलं ना मी?"

"अं," कारकून म्हणाला.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी मशीन बंद केलं. नळी काढली, आरसा काढला, दोन्ही बोळे चिमट्याने उचलून ट्रेमध्ये टाकले, आणि स्टूल ओढून कारकुनाच्या तोंडासमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर हवं होतं. कसलंही चाललं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"खरं सांगा," ते म्हणाले. "मी चुकलो का?"

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारचा पेला उचलून त्याने चूळ भरली, भांड्यात थुंकला, मागे टेकला आणि परत तोंड उघडून पडून राहिला.