मॅककस्कर यांचे उरलेले वाक्य

सभापतींनी घंटा वाजवली की बर्नार्ड मॅककस्कर तोंडातला शब्द तिथेच ठेवून खाली बसत. वाक्य पुरे झाले आहे की नाही, हे ते पाहत नसत. आयर्लंडच्या सिनेटमध्ये ते बरीच वर्षे सदस्य होते. दुधाचे भाव, सीमेलगतचे रस्ते, परदेशी जाणाऱ्या नर्सेस, युरोपचे करार, अशा सगळ्या विषयांवर ते बोलले. अधिकृत कामकाजाच्या छापील प्रतीत त्यांची बहुतेक भाषणे एका आडव्या रेघेवर संपतात. इतर सदस्य घंटेनंतर आणखी एक मिनिट मागत आणि तीन घेत. मॅककस्कर यांनी अर्धेही कधी मागितले नाही.

मला ते त्यांच्या बहिणीमुळे माहीत झाले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारच्या घरात ब्रायडी राहत. तरुणपणी नर्स म्हणून आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. लग्न केले नव्हते. भावाने पाठवलेली भाषणांची छापील पाने त्या रविवारी चहाबरोबर मोठ्याने वाचत आणि रेघ आली की पुढचे वाक्य स्वतः पुरे करत. ‘पुढे तो काय म्हणाला असता ते मला पाठ आहे,’ असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. मी लंडनला एका वृत्तसंस्थेत संसदेचे कामकाज पाहतो हे कळल्यावर त्या म्हणाल्या, भाऊ पुढच्या आठवड्यात दोन्ही देशांच्या सदस्यांच्या बैठकीला येतोय, जाऊन ऐका.

मी गेलो. वेस्टमिन्स्टरमधल्या एका समितीच्या खोलीत मॅककस्कर सीमेवरच्या वाहतुकीबद्दल बोलत होते. आकडेवारी नेटकी होती, आवाज संथ होता, आणि मुद्दा सगळा शेवटावर ठेवलेला होता. घंटा वाजली. ते बसले. मुद्दा राहिला. दोन-तीन सदस्य ठरलेल्या करमणुकीसारखे हसले. त्या हसण्यावर मॅककस्कर यांनी मान किंचित लववली, आणि मला वाटले, यात शिस्त आहे तेवढाच डौलही आहे.

बाहेर मी ओळख करून दिली आणि एक व्यावसायिक सल्ला दिला. आमच्याकडे जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगावी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले.

‘प्रेस,’ ते म्हणाले, ‘मी डेअरीत मॅनेजर होतो. साय शेवटी वर येते. घाई करणाऱ्याला पाणी मिळतं.’

‘आणि घंटा?’

‘दुधाची गाडी ठरल्या वेळी सुटायची. माझ्या बापाचे कॅन राहिले तरी सुटायची. गाडी एकासाठी थांबली, तर पुढच्या गावाचं दूध नासतं.’

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘प्रेस’ झालो. नाव त्यांनी कधी उच्चारले नाही. उरलेली वाक्ये लोक कशी पुरी करणार, असे मी एकदा विचारले. ब्रायडीला कळतं, बाकीच्यांनी जरा विचार करावा, असे त्यांचे उत्तर होते.

त्यांचे गाव अगदी सीमेवर होते. दुधाची गाडी एकाच फेरीत अनेकदा ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडमध्ये शिरून पुन्हा दक्षिणेत येई. लहानपणी त्या रस्त्यावर तपासणी नाके होते. पुढे सैनिक आले. मग सगळे गेले आणि रस्ता नुसता रस्ता झाला. आपल्या हयातीत घडलेली एवढी एकच चांगली गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो, असे ते म्हणत. म्हणून ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की नाही याचे सार्वमत जाहीर झाले, तेव्हा सिनेटमधल्या चर्चेत ते बोलणार हे उघड होते.

ते बोलले. शेवटी म्हणाले, ‘युरोपशिवाय ब्रिटनचं काही अडणार नाही. तिथली माणसं आधीही जगली, पुढेही जगतील, आणि त्यांच्यात राहणारी आपली माणसंही जगतील—’

घंटा झाली. ते बसले.

काही आठवड्यांनी आमच्या दारातून एक पत्रक आत पडले. त्या सार्वमतात इथे राहणाऱ्या आयरिश नागरिकांना मत होते आणि आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही होते. समोरचा पोलिश गवंडी बरीच वर्षे इथे कर भरत होता, त्याला नव्हते. पत्रक आमच्या रस्त्यासाठी विचारपूर्वक निवडलेले दिसत होते. वर मॅककस्कर यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य, आणि त्याखाली बाहेर पडण्याच्या बाजूने मत देण्याचे आवाहन. शेवटची आडवी रेघ काढून तिथे पूर्णविराम दिला होता.

माझी बायको मेघना पत्रक हातात धरून स्वयंपाकघरात उभी होती. ‘अरे, हे ब्रायडी आँटींचे भाऊ ना? हे कधीपासून लीव्हवाले झाले?’

झालेले नाहीत, असे म्हणून मी शेजारी गेलो. ब्रायडींनी पत्रक फ्रिजवर मॅग्नेटने लावले होते. फोटोत बार्नीने केस विंचरलेत, असे त्यांनी कौतुकाने दाखवले; भावाला त्या बार्नी म्हणत. मग सांगितले की मत टाकून झाले. खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्या टपालानेच मत देत. बार्नी म्हणतो तसंच दिलं, त्या म्हणाल्या.

हे वाक्य अर्धे आहे, असे मी सुचवून पाहिले.

‘मला माहीत नाही होय? छापील भाषण आलंय माझ्याकडे,’ ब्रायडी म्हणाल्या. ‘आपली माणसंही जगतील, म्हणजे कोण? मी. इथे सगळे सांगतायत, असं झालं तर तुम्हाला परत पाठवतील, तसं झालं तर रांगेत उभं करतील. माझी झोप उडाली होती. पुढे तो म्हणाला असता, तेव्हा ब्रायडी, तू घाबरू नकोस. भर सभागृहात बहिणीचं नाव कसं घेणार? म्हणून घंटेवर सोडून दिलं त्यानं.’

त्या रविवारी मॅककस्कर आले. मीही तिथे होतो. ते फ्रिजसमोर थांबले आणि चष्मा लावून पत्रक खालपर्यंत वाचले. ब्रायडींची पाठ आमच्याकडे होती. त्या किटली भरत होत्या. तसेच मत दिले हे सांगून त्यांनी विचारले, ‘बरोबर ना रे, बार्नी?’

मॅककस्कर यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ‘फोटो बरा आलाय,’ ते म्हणाले.

चहा झाल्यावर ते माझ्याबरोबर फुटपाथवर आले आणि मी न विचारता वाक्य पुरे केले. ‘—अडेल ते आपल्या गावाचं. त्या रस्त्यावर पुन्हा नाका उभा राहिला, तर पुढच्या पिढीला आमचं लहानपण मिळेल.’ साय वर यायची होती, एवढेच ते पुढे म्हणाले.

मतदानाला अजून दिवस होते. मी म्हणालो, हे मी आजच लिहितो. निदान एक खुलासा जाईल. त्यांनी मान हलवली.

‘तुम्ही छापलंत तर ती वाचेल. मी सभागृहात बोललो तरी वाचेल. मग तिला कळेल की तिनं आपल्याच रस्त्यावर नाका बसवायला मत दिलं. आणि तेही माझ्या सांगण्यावरून.’

‘तुमच्या नावाचं काय?’

‘नाव माझं आहे, प्रेस. मी बघतो.’

निकाल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला त्या सकाळी ब्रायडींनी भावाला फोन केला. माझं एक मत तुझ्यासाठी होतं, असे त्यांनी सांगितल्याचे त्यांनीच मला कुंपणावरून कळवले. टीव्हीवर त्या वेळी सीमेचा नकाशा दाखवत होते.

पुढची वर्षे मी लंडनच्या कचेरीतून पाहिली. मॅककस्कर सीमेच्या प्रत्येक चर्चेत उठले, पण त्या एका वाक्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. विरोधकांनी ते वाचून दाखवले. स्वपक्षातल्यांनी खुलासा मागितला, तोही दिला नाही. त्यांना निवडून देणारे लोक म्हणजे गावोगावचे कौन्सिलर, आपल्याकडच्या नगरसेवकांसारखे. इंग्लंडमध्ये एक बोलतो आणि घरी एक, असे त्यांच्यात पसरले. त्यांच्या गावातल्या पबमध्ये पत्रकाची एक प्रत भिंतीला चिकटवली होती. पुढच्या निवडणुकीत ते पडले. ज्या रस्त्यासाठी ते आयुष्यभर बोलले, त्याच रस्त्यावरच्या कौन्सिलरांनी त्यांना मत दिले नव्हते.

सीमा शेवटी उघडी राहिली. त्यासाठी वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या, आणि त्या चालू असताना सीमेची सर्वात जास्त माहिती असलेला माणूस कॉव्हेंट्रीत बहिणीचा खुबा सांभाळत होता. ते कायमचेच आले होते. फ्रिजवरचे पत्रक तिथेच होते. दूध घ्यायला ते दिवसातून कितीदा तरी त्याच्यासमोर जात. मेघनाने एकदा न राहवून, ‘ते काढून टाका ना,’ असे म्हटले. ब्रायडीला फोटो आवडतो, एवढेच ते म्हणाले.

ब्रायडी गेल्या तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. अस्थी गावी न्यायच्या होत्या. इथल्या क्रिमेटोरियममध्ये प्रत्येक कुटुंबाला ठरलेला अवधी असतो. बाहेर पुढची गाडी उभी असते. मॅककस्कर शेवटी बोलायला उठले. बहिणीच्या नाइट ड्यूट्या, तिने घरी पाठवलेली पार्सले, तिचे मोठ्याने वाचणे, असे सगळे क्रमाने सांगत गेले. दारातल्या कर्मचाऱ्याने हात वर करून वेळ संपल्याची खूण केली. मला वाटले, आता ते बसतील.

ते बसले नाहीत. शवपेटीकडे वळून म्हणाले, ‘ब्रायडी, ते वाक्य पुढे होतं. गावाबद्दल होतं. तू पुरं केलेलं जास्त चांगलं होतं, म्हणून मी बोललो नाही.’ कर्मचाऱ्याने संगीत लावले. मॅककस्कर बोलतच राहिले. ओठ हलताना दिसत होते. मी पहिल्या रांगेत होतो, तरी पुढचे मला ऐकू आले नाही.

बाहेर पुढचे कुटुंब काळ्या कपड्यांत ताटकळत उभे होते. मॅककस्कर त्यांच्यातल्या प्रत्येकाजवळ जाऊन उशीर केल्याबद्दल माफी मागत होते.

गेल्या हिवाळ्यात तेही गेले. त्यांच्या गावाकडच्या एका वर्तमानपत्राने चार ओळींची मृत्युवार्ता छापली. माजी सिनेटर, डेअरीचे माजी व्यवस्थापक, आणि सार्वमताच्या काळात गाजलेले त्यांचे विधान म्हणून तेच वाक्य, पूर्णविरामासह. मी संपादकीय विभागाला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले, अधिकृत नोंद उघडली, वाक्य ताडून पाहिले आणि माझे आभार मानले. रेघेच्या जागी पूर्णविराम देणे ही वर्तमानपत्राच्या लेखनशैलीची बाब आहे, असे ती म्हणाली. शब्द मात्र तेवढेच आहेत.

ते खरे होते. शब्द तेवढेच होते. चूक नसल्यामुळे दुरुस्ती छापता आली नाही.