दाईचा मूळ रंग

शरयूताई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट सिंगापूरमधल्या तांजोंग पगारच्या एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर झाली. खाली कॉफीचे दुकान आणि वर आमचा स्टुडिओ. जुन्या कार्टूनपटांचे हक्क विकत घ्यायचे, त्यांवरचे ओरखडे काढायचे, रंग दुरुस्त करायचे आणि ते नव्याने दाखवायचे, हे तिथले काम. मी पुण्याहून रंगदुरुस्तीसाठी नुकताच रुजू झालो होतो आणि आपल्याला सगळे येते असा माझा समज होता. विभागप्रमुख असलेल्या ताईंनी मला शेजारी बसवून घेतले, एक जुना कार्टूनपट लावला आणि आवाज बंद केला. मशीन बिघडले असावे असे समजून मी उठू लागलो.

"बसा. आवाज मुद्दाम बंद केलाय," त्या म्हणाल्या. "संगीत असलं की आपणही हसून मोकळे होतो. आता बघा, हसतायत कुणाला ते."

मी बघितले. मार खाणारा, घाबरणारा, तोंडघशी पडणारा चेहरा कधी काळा होता, कधी तिरप्या डोळ्यांचा, तर कधी पगडीवाला, म्हणजे आपलाच. लहानपणी मी अशाच चित्रांवर लोळून हसलो होतो. त्या दिवशी चहा काही गोड लागला नाही.

अशा चित्रपटांचे करायचे काय, यावर आमच्याकडे कायम वाद. कुणी म्हणे, प्रसंग कापा. कुणी म्हणे, अख्खा चित्रपट कुलपात ठेवा, उगाच नसती आफत नको. ताईंची रीत वेगळी. चित्रपट बाहेर जाण्याआधी ज्यांची थट्टा झाली आहे त्यांच्यातल्या कुणाला तरी टॅम्पिनीसच्या आपल्या फ्लॅटमध्ये बोलवायचे, साबुदाणावडे खाऊ घालायचे आणि चित्रपट दाखवायचा. वडे आधी, चित्रपट नंतर, कारण चित्रपटानंतर खाण्याची इच्छा राहीलच असे नाही, असे त्या सांगत. वरिष्ठ या प्रकाराला 'वडा कमिटी' म्हणत. ताईंना त्याचा राग नव्हता, पण कमिटी काही त्यांनी सोडली नाही.

एका चित्रपटाने मात्र ताईंचीच परीक्षा घेतली. त्यात मुले सांभाळणारी एक काळी दाई आहे. डोळे बटाट्याएवढे, ओठ जाड, आणि येता-जाता ती कपड्यांच्या टबात पडते. तिचे प्रसंग कापावेत तर कथाच कोसळते, कारण वादळात हरवलेल्या मुलांना शेवटी घरी आणते तीच. ताईंनी तोडगा काढला. तिचा रंग उजळायचा, म्हणजे थट्टा रंगाची राहणार नाही. आम्ही महिनोन्महिने खपून दाईला गव्हाळ केले. सगळे खूश झाले, पोस्टरही छापून आले. आपल्या घरांतून 'रंग उजळ आहे' हे कौतुकाचेच वाक्य. ताई स्वतः सावळ्या. रंगावरून आपली काही स्थळे परत गेली होती हे त्या हसत हसत सांगतात. तरी त्यांनाही यात काही वावगे दिसले नाही.

मग वडा कमिटी बसली. ताईंच्या शेजारी सेल्वीअक्का राहतात. तमिळ, निवृत्त नर्स. हा चित्रपट त्यांनी शाळेत असताना पाहिला होता. चित्रपट संपल्यावर त्या ताईंकडे वळल्या. मग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "व्हेरी नाइस लाह, शरयू. बट व्हाय यू मेक हर फेअर? होल पिक्चर, ओन्ली शी लुक लाइक मी."

शाळेत मुली त्यांना त्या दाईच्या नावाने चिडवत, हेही त्यांनी सांगितले. ते दुखले होतेच. पण मुलांना घरी आणणारी बाई आपल्या रंगाची आहे, एवढे त्यांनी मनाशी जपून ठेवले होते. तेवढेच आम्ही पुसून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी ताई वरिष्ठांपुढे उभ्या राहिल्या. मूळ रंग परत आणायचा, नाहीतर माझे नाव श्रेयनामावलीतून काढा आणि राजीनामाही घ्या, असे त्यांनी सांगितले. वरिष्ठांची भीती खोटी नव्हती. लोक आपल्याला शिव्या देतील, असे ते म्हणाले.

"आपल्याला पडू देत," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं तिलाच पडतायत."

प्रदर्शन पुढे गेले. दाई पुन्हा काळी झाली. सुरुवातीला वकिलांनी लिहिलेली लांबलचक सूचना येणार होती. ती काढून ताईंनी साध्या ओळी लिहिल्या: या चित्रपटात एका बाईच्या रूपावर हसवले आहे. ते आम्हाला पटत नाही. चित्र बदललेले नाही. मुलांसोबत बघत असाल तर त्यांच्याशी बोला. शिव्या थोड्या आल्याच. पण आपल्या मुलांशी काय बोललो ते कळवणारे लोकही पुष्कळ निघाले.

कामाबाहेरच्या ताई किती सांगाव्यात? आमच्या मुलीच्या जन्मानंतर त्या रोज टॅम्पिनीसहून डबा आणत. एमआरटी मेट्रोत खायला बंदी आहे, मेथीच्या लाडवांच्या वासाला नाही, हा त्यांचा युक्तिवाद. माझी मुलगी आज त्यांना 'शरयू आज्जी' म्हणते, आणि तिचे इंग्रजी उत्तर ताई मराठीत वदवून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. ताई यंदा साठीच्या झाल्या, पण 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने केली, त्याची ताईंशी गाठ पडली नसावी.

तो चित्रपट सेल्वीअक्कांनी आपल्या नातवंडांना ताईंच्याच घरी दाखवला. मीही होतो. दाई टबात पडली तेव्हा धाकटा खुदकन हसला. अक्कांनी चित्रपट थांबवला, त्याला जवळ ओढले आणि म्हणाल्या, "सेम कलर ॲज पाटी, सी? नाउ वॉच. शी ब्रिंग एव्हरीबडी होम." पाटी म्हणजे आजी. त्याने आधी आजीकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि शेवटी मुले घरी पोचली तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या. ताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. वडे केव्हाच संपले होते, तरी बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत.

ताई, आपल्या स्टुडिओतल्या फिल्मच्या डब्यांत असे कितीतरी चेहरे अजून पडून आहेत. त्या सगळ्यांना घरी आणण्याइतके दीर्घ आणि निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो. आवाज आम्ही बंद करतो, तुम्ही फक्त शेजारी बसा.